मिरीला एक टिचकी

१

कोणी नाकाने कांदे सोलायला लागला की लोक त्याला हसतात. धाकटे मात्र गेली सव्वीस वर्षं नाकावरच पोट भरत होते, आणि त्यांना हसायची कोणाची टाप नव्हती. जुन्या वाइनचा व्यापार करणारी एक पेढी होती. तिच्या तिसऱ्या मजल्यावर उत्तरेकडे खिडकी असलेली एक खोली होती, तिला सगळे चवखोली म्हणत. तिथे रोज सकाळी अकराला दोन सख्खे भाऊ एका टेबलाशी समोरासमोर बसत. पेढीत त्यांची खरी नावं कोणाला आठवत नव्हती. मोठा तो थोरले आणि लहान तो धाकटे, एवढंच. या दोघांच्या सह्या असल्याशिवाय एकही बाटली दाराबाहेर पडत नसे.

बाटल्या यायच्या कापडी पिशवीत गुंडाळून, नाव-गाव झाकलेल्या. दोन बोटं वाइन ग्लासात ओतायची, पांढऱ्या कापडावर ग्लास तिरका धरून रंग बघायचा, एकदा फिरवून नाक घालायचं, मग एक घोट तोंडात घेऊन जिभेवर खेळवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. गिळायचं नाही. "गिळला तो कामातून गेला," असं थोरले म्हणत आणि स्वतः पाळत. मग कागदावर लिहायचं: कुठली द्राक्षं, साधारण किती वर्षांची, तब्येत कशी. दोघांनी आपापलं लिहिल्यावर कागद ताडून बघायचे.

एकाच्या चेहऱ्यावरून दुसऱ्याने ओळखू नये म्हणून टेबलाच्या मधोमध लाकडी आडोसा होता, बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. दोन फळ्या, त्यांच्यामध्ये चार बोटांची पोकळी आणि वरून स्क्रूने बसवलेली पट्टी. पोकळी कशाला ठेवली ते सुतारालाच ठाऊक. टेबल पेढीइतकंच जुनं होतं.

आता धाकट्यांचं गुपित सांगतो. त्यांना मिरीचा वास यायचा नाही.

तसं हे काही जगावेगळं नाही. पाचात एखादा माणूस असा असतोच. बाकी सगळे वास त्याला बिनचूक येतात, तिखट जिभेला कळतं, पण काही वाइनमधून मिरीचा जो वास येतो तो त्याच्यापुरता कोराच. दुसऱ्या कोणाचं यात काही अडत नाही. पण ज्याला फ्रान्सची सिराह, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षांची वाइन, ओळखायची आहे त्याचं सगळंच अडतं, कारण मिरी हीच तर तिची खूण. चामडं येईल, धूर येईल, काळी फळं येतील, पण ती दुसऱ्या वाइनमध्येही येतात. मिरी आली की सिराह. आणि या पेढीचा अर्धा धंदा सिराहवर चाललेला.

पहिल्याच महिन्यात अशी एक बाटली समोर आली. धाकट्यांनी तीनदा नाक घातलं, पण हाती काही लागेना. आता नाक कापलं जाणार म्हणून घाम फुटला, तेवढ्यात आडोशाच्या पलीकडून आवाज आला: टक्. नखाने लाकडावर एक टिचकी मारावी तसा.

धाकट्यांनी लिहिलं, "मिरी. सिराह." बरोबर निघालं.

दादा तो दादाच. लहानपणी डोक्यावर मिरे वाटायचा, पण वेळेला धाकट्याला उघडं पडू दिलं नाही त्याने. त्यानंतर सव्वीस वर्षं मिरी असली की टिचकी, नसली की शांतता. एकदाही चूक नाही. या गोष्टीवर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत. भावाभावांत काही गोष्टी बोलायच्या नसतात. बोललं की त्यांचे उपकार होतात.

२

थोरले गेले ते छातीच्या दुखण्याने. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात धाकटे उशाशी बसले होते. थोरल्यांना बोलायला धाप लागत होती.

"ठकीला माझ्या खुर्चीत बसव," ते म्हणाले. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. नाव दुसरं होतं, पण धाकट्यांनी पाळण्यातच तिला ठकी करून टाकलं होतं. "पोरीने तीन वर्षं घासून अभ्यास केलाय. तिला दुसरं काही नको आहे."

"बसवतो. शब्द देतो, दादा."

मग थोरल्यांनी बोट उचललं, पलंगाच्या दांडीवर नखाने एक टिचकी मारली आणि किंचित हसले. "आणि हे... हे थांबायला नको."

धाकट्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दादाने ती गोष्ट तोंडाने काढली होती. "नाही थांबणार," ते म्हणाले. कसं ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. थोरल्यांनी डोळे मिटले.

महिन्याभराने धाकटे पुन्हा चवखोलीत गेले. समोरची खुर्ची रिकामी होती. सवयीने त्यांनी तिकडेही ग्लास भरून ठेवला, मग आपलं बघितलं. रंग उतरत्या डाळिंबासारखा, कडेला विटकरी झाक. तीस वर्षांच्या आतबाहेरची असावी. वास चामड्याचा, विझवलेल्या लाकडाचा, वाळलेल्या फुलांचा, पावसानंतरच्या लोखंडी गेटचा. घोट घेतला तर सगळा तुरटपणा म्हाताऱ्या मास्तरासारखा मवाळ झालेला. सुंदर वाइन. पण कुठली? पेन्सिल हातात तशीच राहिली. आता पेढीला सांगावं लागणार, की बाबांनो, मला अर्धंच नाक आहे.

टक्.

धाकटे उठले आणि आडोशाला वळसा घालून पलीकडे गेले. खुर्ची रिकामी होती. ग्लास भरलेला, जसाच्या तसा. खिडकी बंद. खोलीत दुसरं दार नव्हतं.

लाकूड आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. जुनं लाकूड हवा बदलली की बोलतं. घरचं कपाट नाही का, थंडीत कडकड वाजतं? अगदी बरोबर वेळेला वाजलं हा योगायोग. ते परत येऊन बसले. मग त्यांनी लिहिलं, "मिरी. सिराह."

पिशवी काढली. सिराहच होती.

३

माणूस कशालाही सरावतो, आणि फायद्याच्या गोष्टीला तर दोन दिवसांत सरावतो. आठवडाभर धाकट्यांनी लाकडाला दोष दिला. पण लाकूड ओल्या दिवशीही वाजलं, कोरड्या दिवशीही वाजलं, आणि दुसऱ्या द्राक्षांच्या चाळीस बाटल्या समोर आल्या तेव्हा एकदाही वाजलं नाही. हवा काही द्राक्षं ओळखत नाही.

मग त्यांनी सरळ मान्य करून टाकलं. दादा आहे. "थांबायला नको" म्हणाला होता, थांबला नाही. भीती? भावाची कसली आलीय भीती! उलट खोलीत शिरताना ते मोठ्याने म्हणू लागले, "काय दादा, आज काय बेत?" उत्तर येत नसे. टिचकी यायची ती फक्त मिरीला.

धाकट्यांची कळी खुलली. चाल ताठ झाली. पेढीच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे बाईसाहेब म्हणत, त्यांनी विचारलं की एकट्याला जमतंय का, तर धाकटे म्हणाले, "नाकासमोर चालणारा माणूस आहे मी, बाईसाहेब. नाक शाबूत आहे तोवर चिंता नको."

एकच गोष्ट जरा खटकायची. बाटलीतली वाइन पुरत नव्हती. दोन ग्लास ओतले, उरलेली मापाच्या भांड्यात काढली, की एक घोटभर कमी भरायची. थोरल्यांच्या बाजूचा ग्लास ते मुद्दाम खडूची रेघ मारून ठेवत. त्यातला थेंबही हलत नसे. म्हणजे दादा पीत नव्हता. मग जात कुठे होती?

त्यालाही कारण सापडलं. जुन्या बाटलीचं बूच कोरडं पडतं, वाइन हळूहळू उडते. शिवाय तळाला गाळ. घोट इकडे, घोट तिकडे, त्यात काय मोठंसं. आणि हे तर पहिल्यापासूनच होतं. थोरले असतानाही माप कमीच भरायचं, आणि दोघंही "गाळ" असं लिहून मोकळे व्हायचे.

४

ठकी सोमवारी आली. शुक्रवारी बाईसाहेब तिची परीक्षा घेणार होत्या. एक बाटली, एक कागद. बरोबर आलं तर बापाची खुर्ची, नाही तर नमस्कार. तोवर चार दिवस काकांच्या हाताखाली सराव.

पोरगी बापासारखीच. कपाळावर आठी, कामात चोख, आणि बोलायला लागली की समोरच्याची सुटका नाही.

"काका, तुमचा ग्लास कसा धरलाय? मांजराची मान धरल्यासारखा."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून असाच धरतोय."

"म्हणून तर सांगतेय. चूक जुनी आहे."

ती थोरल्यांच्या खुर्चीत आडोशापलीकडे बसली आणि धाकट्यांना इतक्या दिवसांनी बरं वाटलं. एकच धाकधूक होती. ही तिकडे बसल्यावर दादा टिचकी कुठून मारणार? पण पहिल्याच सिराहला टिचकी आली, स्पष्ट आली, रोजच्यासारखी. धाकट्यांनी कान टवकारले. ठकीने ऐकली का? ती काही बोलली नाही. तिची पेन्सिल मात्र लगेच चालू झाली. दोघांचे कागद ताडले. तिच्याही कागदावर मिरी होती. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तेच झालं. आठ बाटल्यांत एकही चूक नाही.

"बापाचं नाक घेतलंयस," धाकटे म्हणाले.

ठकीने त्यांच्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि हसली. "हो ना," ती म्हणाली. "अगदी बाबांचंच."

गुरुवारी दुपारी धाकट्यांनी वहिनींना फोन केला. "वहिनी, उद्या दोनला आम्ही जेवायला. पोरगी खुर्ची घेऊन येते, बघा तुम्ही."

"तोंडात साखर पडो, भावजी," वहिनी म्हणाल्या. "चार महिन्यांत या घरात कोणी मोठ्याने हसलं नाहीये."

५

शुक्रवारी बाईसाहेबांनी बाटली स्वतः आणली आणि दोन्ही बाजूंना स्वतः ओतली. धाकट्यांनी लिहायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं, पण ग्लास त्यांनाही दिला. "पंधरा मिनिटं," म्हणून बाईसाहेब बाहेरच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या.

धाकट्यांनी नाक घातलं. खूप जुनी होती, पस्तिशीच्या पुढची. फळ जवळजवळ विरलेलं. चामडं, राख, काळे ऑलिव्ह, ओल्या मातीत पडलेला खिळा. असली वाइन भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणते. तोंडातला घोट त्यांनी पिकदाणीत टाकला आणि वाट बघू लागले. वाजव दादा, ते मनात म्हणाले. आज माझ्यासाठी नाही, पोरीसाठी.

टक्.

पलीकडे पेन्सिल सरसर चालली. पंधरा मिनिटांनी बाईसाहेबांनी कागद वाचला, पिशवी काढली आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "फ्रान्सची सिराह, पस्तीस ते चाळीस वर्षं, तब्येत ठणठणीत. मुली, वर्षसुद्धा जवळपास बरोबर आहे. थांब, पत्र टाइप करून आणते." त्या खाली गेल्या.

खोलीत दोघंच राहिली, आडोशाच्या दोन बाजूंना. धाकट्यांना गलबलून आलं. शब्द पाळला गेला होता.

"काका," पलीकडून ठकी हळूच म्हणाली. "थँक यू हं."

"मला कशाला? तुझं नाक, तुझी अक्कल."

"पुरे झालं आता नाटक. मला माहीत आहे. बाबांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"की मिरी आली की काका टिचकी मारतात." ती हसत होती. "मला मिरी येत नाही, काका. बाबांकडूनच आलंय ते. त्यांनाही कधीच आली नाही. ते म्हणायचे, धाकट्याने सव्वीस वर्षं मला सांभाळून घेतलं, कधी बोलून दाखवलं नाही. तोही बोलणार नाही, तूही बोलू नकोस. फक्त टिचकीकडे कान ठेव."

धाकट्यांच्या हातात पिकदाणी होती. ती त्यांनी अलगद खाली ठेवली.

"म्हणजे... दादा मारायचा ना टिचकी?"

"बाबा? बाबा कशाला मारतील? त्यांना वासच यायचा नाही म्हणतेय ना मी."

'हे थांबायला नको.' पलंगाची दांडी, नखाची टिचकी आणि ते किंचित हसू. दादा वचन देत नव्हता. विनंती करत होता. माझ्या पोरीसाठीही असाच टिचकी मारत जा, असं सांगत होता. आणि धाकट्यांनी "नाही थांबणार" म्हणून होकार दिला होता.

"गंमत करतेयस ना, ठके?" ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"कसली गंमत?"

"मला पण मिरी येत नाही."

पलीकडचं हसू थांबलं.

"मग आत्ता कोणी वाजवलं?" ठकीने विचारलं.

६

धाकटे घाबरट नव्हते. अशा वेळी माणूस किंचाळतो, पळतो, देव आठवतो. धाकट्यांना आठवली पद्धत. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं: एकेक शक्यता वगळायची आणि जे उरेल ते लिहायचं.

"ठके, दोन्ही हात आडोशाच्या वर धर. मला दिसू देत."

पलीकडून दोन हात वर आले. धाकट्यांनी आपलेही दोन्ही हात वर धरले. सगळे मिळून चार. मग हात तसेच ठेवून त्यांनी हनुवटीने ग्लास जवळ ओढला आणि त्यावर वाकून श्वास घेतला.

टक्.

आवाज ठकीच्या बाजूचा नव्हता. धाकट्यांच्या बाजूचाही नव्हता. इतकी वर्षं प्रत्येकाला तो 'पलीकडून' आला होता, आणि खरोखरच तो दोघांच्याही पलीकडून येत होता. मधून.

"काका, मी बाहेर जाऊ?"

"जा. दारात उभी राहा. आत येऊ नकोस."

ती उठली, भिंतीला पाठ लावून दारापर्यंत गेली. धाकटे खुर्चीवर चढले. बूच काढायच्या चाकूचं टोक स्क्रूत घालून त्यांनी वरच्या पट्टीचा एक स्क्रू फिरवला, मग दुसरा. दोन्ही सहज फिरले. एवढ्या जुन्या टेबलाचे स्क्रू गंजलेले असायला हवे होते. पट्टी एका टोकाने उचलली गेली. आत बघायच्या आधी त्यांनी स्वतःला बजावलं: उंदीर असेल. वाळवी असेल. एखादी खिळखिळी खपली असेल, श्वासाच्या उबेने हलणारी. काहीतरी असेलच, आणि ते बघून आपण दोघं पोट धरून हसू.

पोकळी खोल होती आणि कोरडी होती. उंदीर नव्हता, वाळवी नव्हती. चार बोटांच्या त्या जागेत माणसाचा हात आडवा शिरला नसता. तळाला टेबलाची फळी दिसत होती. तिच्यावर वाइनचे गोल होते, ग्लास ओला ठेवला की त्याच्या बुडाचा उठतो तसे. एकावर एक, एकावर एक, शेकडो, इतके की लाकूड काळं पडलं होतं. ग्लासाचं बूड तिथे जेमतेम मावलं असतं, पोट मावलंच नसतं.

सगळ्यात वरचा गोल ओला होता. आणि त्याच्या शेजारी, आडोशाच्या फळीच्या आतल्या अंगाला, धाकट्यांच्या नजरेसमोर, काहीतरी पांढुरकं, चपटं, नखाएवढं, सावकाश मागे सरकलं.

पिकदाणी मात्र आत नव्हती. जे काही तिथे होतं ते थुंकत नव्हतं.

धाकट्यांनी पट्टी परत ठेवली, दोन्ही स्क्रू पिळून पिळून बसवले आणि खुर्चीवरून खाली उतरले.

"काय होतं?" दारातून ठकीने विचारलं.

"काही नाही. गाळ," ते म्हणाले.

७

बाईसाहेब पत्र घेऊन आल्या. धाकट्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ही पोरगी त्या खुर्चीत उद्या बसेल, परवा बसेल, आणि सव्वीस वर्षं ते तिच्यापासून चार बोटांवर बसेल. आपण शब्द दिला होता, पण तो शब्द देणाऱ्याला काय ठाऊक होतं?

"बाईसाहेब, ते पत्र देऊ नका तिला."

ठकीने चमकून पाहिलं.

"तिला मिरी येत नाही," धाकटे म्हणाले. "मलाही येत नाही. थोरल्यांनाही यायची नाही. पहिल्या दिवसापासून आम्ही तुम्हाला फसवलं. अंदाजाने लिहीत आलो."

"अंदाजाने?" बाईसाहेब क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "सव्वीस वर्षांत एकदाही चुकला नाहीत, धाकटे. असा कुठे अंदाज असतो?"

"नसतो," धाकटे म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, हे टेबल जाळून टाका. आणि या खोलीत कोणाला बसवू नका."

बाईसाहेबांना वाटलं, भाऊ गेल्याचं डोक्यात गेलंय याच्या. पण कबुली ती कबुली. पत्राचे दोन तुकडे झाले. "उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या. ज्या नाकासाठी धाकटे आयुष्यभर ताठ मानेने चालले, ते त्यांनी स्वतःच्या हाताने कापून टेबलावर ठेवलं होतं. आणि नवल असं, की त्यांना त्याचं काडीमात्र वाईट वाटत नव्हतं. पोरगी दाराच्या बाहेर होती. बाकी गेलं खड्ड्यात.

त्यांनी कोट घेतला, ग्लास पालथा घातला आणि रोज काम संपल्यावर तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

"चला," ते म्हणाले. "घरी, जेवायला."

एकट्या ठकीला ते कधी 'चला' म्हणत नसत. तिला 'चल'च म्हणत. पण काम आटोपलं की आपण सगळेच 'चला' म्हणतो, खोलीत कोणी असो वा नसो.

८

रस्ताभर ठकी दोन पावलं पुढेच चालत राहिली. घराच्या जिन्यात मात्र तिचा बांध फुटला.

"का केलंत असं? गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? बाबांनी सव्वीस वर्षं काढली ना तसंच!"

"म्हणूनच केलं."

"लाकूड वाजतं, काका! जुनं लाकूड वाजतं! त्यासाठी माझी खुर्ची घालवलीत!"

धाकट्यांना तेच तर हवं होतं. लाकूड वाजतं यावर पोरीचा विश्वास बसू दे. "हो," ते म्हणाले, "लाकूडच असेल. शिव्या दे मला, पण तिथे परत जाऊ नकोस. दुसरं काहीही कर. मी आहे."

वहिनींनी दोघांचे चेहरे बघितले आणि काही विचारलं नाही. शहाणी बाई. "आधी बसा," त्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी वाईट बातमी ऐकू नये." त्या गॅसकडे वळल्या. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन टेबलावर पडलं होतं. टेबल नवंकोरं होतं, काचेचं, गेल्या महिन्यात आणलेलं. धाकट्यांनी ते बघितलं आणि छातीतला श्वास मोकळा सोडला. फळी नाही, आडोसा नाही, आरपार दिसणारी काच. खाली फक्त त्यांचे आणि ठकीचे पाय.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर पसरले. समोर ठकी रुसून बसली होती, तिचेही दोन्ही हात टेबलावर, मुठी वळलेल्या. त्यांनी तिच्या मुठीवर हात ठेवला. तिने झटकला नाही.

"आई, मला थोडंच सूप दे," ती नाक ओढत म्हणाली, आणि धाकट्यांना वाटलं, झालं, निभावलं. आता दोन दिवस रडेल, मग हसेल.

वहिनी पातेल्यातलं सूप ढवळत होत्या, पाठ त्यांच्याकडे. एका हातात पळी, दुसऱ्या हाताने त्यांनी फडताळातून छोटी दळणी काढली.

"मिरी कोणाला हवी?" त्यांनी विचारलं.

टक्.

काचेवर वाजलं, म्हणून आवाज जरा बारीक होता. ठकीने आधी काकांच्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या. धाकटे हलले नाहीत. चारही हात उन्हात स्पष्ट दिसत होते.

वहिनींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"टिचक्या काय मारताय," त्या म्हणाल्या. "तोंडाने बोला की!"